रिसेप्शनला झक्कास दिसायचंय? आधी शिंपी गाठा!

तुळशीचं लग्न आटोपलं की व्हॉट्सॲपवर पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. कॉलेजचा ग्रुप, ऑफिसची टीम, चुलत-मावस भावंडं... यातली निम्मी रिसेप्शन्स ऑफिसच्याच फॉर्मल शर्टवर निभावून नेता येतात. पण एखादं असं असतं, की तिथे नीट दिसणं भागच असतं. सख्ख्या बहिणीचं, जिगरी दोस्ताचं, किंवा ज्यांच्या हातात तुमचं प्रमोशन आहे त्या बॉसच्या मुलीचं! मग आपण काय करतो? आदल्या शनिवारी मॉल गाठतो, कार्ड घासतो, ब्रँडचं लेबल बघून खूश होतो आणि अर्धा पगार तिथेच ठेवून घरी येतो.

गंमत अशी, की ते लेबल स्टेजवर कुणालाच दिसत नाही. दिसतो तो तुमचा खांदा. म्हणून बजेट ठरवताना कापडाचे थोडे कमी करा आणि फिटिंगचे वेगळे काढून ठेवा. साधा सूट अंगावर चोख बसला तर महागड्या ढगळ सूटला सहज मागे टाकतो.

मुलांनो, ट्रायल रूममध्ये सगळ्यात आधी खांदा बघा. कोटाची शिवण तुमचा खांदा संपतो तिथेच संपायला हवी. ती दंडावर उतरली असेल तर कोट सरळ परत करा. सेल्समन ‘सर, अल्टर करून देतो’ म्हणेल, पण खांदा उसवणं हे कोटातलं सगळ्यात किचकट काम. कंबर आत घेणं, पँटची उंची कमी करणं ही कामं त्यामानाने सोपी आणि स्वस्त. बाहीचंही तसंच, फक्त तिची काजं खरोखर उघडणारी असतील तर खालून कापता येत नाही. बाही अशी हवी, की खालून शर्टाचा कफ अर्धा इंच डोकावेल.

आता एक अस्सल मराठी टेस्ट. बटण लावून वाका आणि नमस्कार करा! रिसेप्शनला पंचवीस-तीस वेळा तरी वाकायचंय. पाठीत कोट ताणला, पँट मागून कुरकुरली, तर तिथेच सांगा. मग खुर्चीवर बसून बघा, एका हातात बुफेची प्लेट धरल्यासारखा हात वर घ्या. हे करताना आजूबाजूचे हसतील, हसू देत.

कापडाचं म्हणाल तर चकाकणाऱ्या पॉलिएस्टरपासून लांब राहा. व्हिडिओवाल्याच्या लाइटखाली ते आणखी चकाकतं आणि आतून घामही काढतं. मुंबईच्या दमट हवेत किंवा पुण्यातल्या मे महिन्याच्या लॉनवर हलक्या विणीची वुलन, ज्याला दुकानदार ‘ट्रॉपिकल’ म्हणतात, ती बरी. अस्तर अर्धंच लावून घ्या. लिनन थंड असतं, पण टॅक्सीतून उतरेपर्यंत चुरगळतं. रंग काळा नको. तुम्हाला चालेल, पण नवरीच्या आजीला चालणार नाही! नेव्ही ब्लू घ्या, नाहीतर बॉटल ग्रीन. टायचा कंटाळा असेल तर बंदगळा मस्त. आणि हो, नव्या कोटाच्या मागच्या कटवर फुलीसारखा जो कच्चा टाका असतो तो डिझाइन नसतो. तो आणि बाहीवरची कंपनीची पट्टी घरी आल्यावर काढून टाका. ती पट्टी मिरवणारे महाभाग आजही स्टेजवर दिसतात.

मुलींकडे एक हुकमी पत्ता असतो, आईचं कपाट. त्यातली पैठणी कुठल्याही मॉलला भारी पडते. हातमागाची आहे का हे बघायचं असेल तर काठ उलटा करा. पैठण-येवल्याच्या हातविणीत मोर-पोपटाची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. (पैठणीला 2010 मध्ये जीआय टॅगही मिळालाय, तेव्हा थोडा भाव खाल्लात तरी चालेल.)

पण जुनी पैठणी आयत्या वेळी बाहेर काढू नका. रेशीम घडीवरच आधी विरतं. पंधरा दिवस आधी ती उलगडून उजेडासमोर धरा, विरलेली जागा दिसली तर रफूवाल्याकडे द्या. इस्त्री हलकी, उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून. परफ्यूम साडी नेसण्याआधी मारा आणि कोरडा होऊ द्या, नाहीतर रेशमावर डाग आणि जरीवर काळसरपणा आलाच म्हणून समजा.

ब्लाउजची मात्र वेगळीच कथा. आईचा ब्लाउज सहसा होत नाही. पण जुन्या शिंप्यांनी आत चांगली ‘माया’ सोडलेली असते. ती उसवली की इंच-दीड इंच सहज मिळतो आणि कापड जुळवत हिंडायची कटकट वाचते. नवा शिवणार असाल तर तीन आठवडे हाताशी ठेवा. सीझनमध्ये शिंपी ‘परवा या’ म्हणतो, तेव्हा त्याच्या परव्याला आठवडा धरायचा. ट्रायलला दोन्ही हात पूर्ण वर करून बघा, नवरीला मिठी मारायचीय ना!

चेहऱ्याचं थोडक्यात सांगते. नवीन फेशियल शेवटच्या आठवड्यात करू नका, चेहरा लाल झाला तर उतरायला वेळच उरत नाही. केसांना नवा रंग लावणार असाल तर 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघा. हेअरकट चार-पाच दिवस आधी. आणि नवे बूट किंवा हिल्स आठवडाभर घरात घालून फिरा, आई ओरडली तरी.

रात्री घरी आलात की कितीही दमलेले असा, दोन मिनिटं काढा. कोट ड्रायक्लीनच्या प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, रुंद हँगरवर दिवसभर हवेला टांगा. साडी सावलीत वाळवा, मग घडी बदलून मलमलमध्ये गुंडाळा, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागणार नाहीत एवढ्या लांब ठेवा. पुढची पत्रिका आलेली असेलच.