लोकलच्या डब्यातील उष्मा

वर्तमानपत्रातील तपमानाचे आकडे वाचून ज्यांना मुंबईच्या उन्हाळ्याची कल्पना आली असे वाटते, त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत एकदा सकाळी साडेआठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावरून जलद गाडी पकडावी. कारण सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा दुपारच्या कमाल मर्यादेपासून अद्याप दूर असला, तरी डब्यातील उतारूंच्या अंगावरून घामाच्या धारा वाहत असतात, आणि त्या उष्म्याचा मोठा वाटा सूर्याचा नसून शेजाऱ्याचा असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या शरीरातून सुमारे 100 वॉट उष्णता अखंड बाहेर पडते. एका डब्यात तीनशे माणसे आहेत असे धरले, आणि हा अंदाज मुंबईकरास भित्राच वाटेल, तरी तेवढ्या जागेत एकेक किलोवॉटच्या तीस विजेच्या शेगड्या पेटवल्यासारखे होते. रेल्वेच्या दप्तरी या अवस्थेस ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव असून, दर चौरस मीटर जागेत 14 ते 16 उभे उतारू असा त्याचा अर्थ आहे. शरीर थंड राखण्याची निसर्गाने केलेली मुख्य तजवीज म्हणजे घाम. परंतु थंडावा मिळतो तो घाम वाळल्याने, कारण एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेतील सुमारे 2400 ज्यूल उष्णता खर्ची पडते. समुद्रकाठच्या दमट हवेत ही क्रिया मुळातच मंद, त्यात चहूबाजूंनी माणसे चिकटून उभी राहिली की वाफेस निघून जायला वाटच उरत नाही. छतावरचा पंखा हवा थंड करीत नाही, अंगालगतचा ओलसर थर तेवढा हलवतो, पण तेवढ्यानेही जीव निवतो. म्हणूनच अडलेल्या पंख्याच्या जाळीत कंगवा घालून पाती फिरती करण्याची विद्या अवगत नसलेला जुना पासधारक विरळा.

पश्चिम रेल्वेच्या उतारूंसाठी आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. हा मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण असल्याने, सकाळी चर्चगेटकडे निघालेल्या गाडीची डावी बाजू पूर्वेस येते आणि सायंकाळी परतणाऱ्या गाडीची डावी बाजू पश्चिमेस. तेव्हा गाडीच्या दिशेस तोंड करून बसणाऱ्याच्या उजव्या हाताची खिडकी दोन्ही वेळा सावलीत राहते. अर्थात, जागा निवडण्याची मुभा विरारहून निघणाऱ्यास. बोरिवलीस चढणाऱ्याने हा परिच्छेद सोडून द्यावा.

माझ्या मते पावसाळा उन्हाळ्याहून कठीण. खिडक्या खाली ओढलेल्या, ओल्या छत्र्या, ओले कपडे, आणि त्यांतून उठणारी वाफ आतच कोंडलेली.

अशा वेळी दार हेच डब्याचे नाक ठरते. दारात लोंबकळणाऱ्यांस बेफिकीर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांतील कित्येकांना आत जागा नसते आणि कित्येकांना आत हवा नसते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून उतारू मृत्युमुखी पडल्यावर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे रेल्वेने ठरवले, तेव्हा दारांना झडपा, छतावर ताजी हवा आत ढकलणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट या गोष्टींची योजना त्याच आराखड्यात करावी लागली. वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 पासून पश्चिम मार्गावर धावू लागली खरी, परंतु तिचे भाडे सामान्य नोकरदारास झेपणारे नव्हते. मे 2022 मध्ये एकेरी तिकिटाचा दर निम्म्यावर आणल्यावर तिलाही गर्दी होऊ लागली. थंड हवेची गरज सर्वांना सारखी असताना ती दोन दरांनी विकणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

ती सर्वांना मिळेपर्यंत उतारूंनी आपापला बंदोबस्त करावा हे बरे: गाडीत चढण्यापूर्वी पाणी प्यावे, सुती कपडे घालावेत, पाठीवरची पिशवी फळीवर ठेवावी. कोणास भोवळ आल्यास दोन स्थानकांच्या मध्ये साखळी ओढू नये, कारण मदत फलाटावर मिळते, रुळांवर नव्हे. त्यास खिडकीशी जागा करून द्यावी, कपडे सैल करावेत, पुढच्या स्थानकावर उतरवून सावलीत आडवे करावे, 139 या क्रमांकावर कळवावे, आणि शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी मुळीच ओतू नये.