‘फाइल फक्त बघायची होती’ : ‘लेस’बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्स असो, फ्रीबीएसडी असो की मॅकओएस, टर्मिनलमध्ये मजकुराची फाइल वाचायची तर ‘लेस’ हाताशी असतं. आधी ‘लेस’, पुढे फाइलचं नाव, मग एन्टर. बहुतेक जण यापुढे जात नाहीत. बाणाच्या कीने खाली सरकतात, हवं ते सापडलं तर वाचतात आणि बाहेर पडतात. खरं तर मॅन-पानं वाचताना, गिटचा इतिहास बघताना, जर्नलसीटीएलमधून सर्व्हरच्या नोंदी चाळताना बहुतेक ठिकाणी समोर लेसच असतं. इतक्या ठिकाणी भेटणाऱ्या साधनाबद्दल चुकीच्या समजुती असणं महागात पडतं. कधी वेळ वाया जातो, कधी थेट सुरक्षितताच धोक्यात येते.

गैरसमज : लेस ही ‘मोर’ची छोटी आवृत्ती आहे.

इतिहास याच्या उलट आहे. ‘मोर’ १९७८ मध्ये लिहिलं गेलं, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, डॅनियल हॅल्बर्ट यांच्या हातून. ते एकेक पडदाभर मजकूर दाखवत पुढे जायचं आणि मागे गेलेला मजकूर परत दाखवणं ही त्याची मोठी अडचण होती. मार्क नुडलमन यांना नेमकं मागे सरकता येणारं साधन हवं होतं. १९८३ ते १९८५ या काळात त्यांनी लेस लिहिलं, मे १९८५ मध्ये ते इतरांसाठी खुलं केलं आणि आजही त्याची देखभाल तेच करतात. फ्रीबीएसडीवर तर ‘मोर’ म्हणून जे चालतं ते प्रत्यक्षात लेसच असतं.

गैरसमज : बाहेर पडायला कंट्रोल-सी किंवा कंट्रोल-झेड.

बाहेर पडायची की ‘क्यू’. कंट्रोल-सी चालू असलेलं काम थांबवतं, लेस बंद करत नाही. कंट्रोल-झेडने ते पडद्याआड थांबून राहतं आणि दिवसाअखेर अशी पाच-सहा अर्धवट कामं शेलमध्ये साठलेली सापडतात.

गैरसमज : मोठी फाइल लेसमध्ये उघडली की मेमरी भरते.

एडिटरच्या सवयीमुळे ही भीती वाटते. बरेच एडिटर फाइल उघडतानाच ती पूर्ण वाचतात. लेस पडद्यापुरता मजकूर वाचतं आणि दाखवतं. म्हणून काही गिगाबाइटची लॉग फाइलही ते तत्काळ उघडतं. ‘कॅपिटल जी’ दाबलंत तर मधलं सगळं न वाचता थेट शेवटाकडे उडी मारतं. तिथे वेळ लागला, तर तो बहुधा ओळींचे क्रमांक मोजण्यात जातो. तेव्हा कंट्रोल-सी दाबलं की मोजणी थांबते आणि वाचन सुरू राहतं.

पाइपमधून आलेल्या मजकुराची गोष्ट मात्र वेगळी. दुसऱ्या कमांडचं उत्तर लेसकडे वळवलं, तर मागे जाता यावं म्हणून आलेला मजकूर त्याला सांभाळून ठेवावा लागतो. न संपणारा प्रवाह तासन्‌तास वाचत राहिलात तर मेमरी खरोखरच वाढत जाते. त्यामुळे जिथे फाइल आहे तिथे लेसला फाइलचं नावच द्यावं. ‘कॅट’ करून पाइपने पाठवण्यात फायदा काहीच नाही, तोटा आहे.

गैरसमज : चालू लॉग बघायचा तर ‘टेल’च हवं.

लेसमध्ये फाइल उघडून ‘कॅपिटल एफ’ दाबा. नव्या ओळी येतील तशा दिसू लागतात. एखादी चूक डोळ्यांसमोरून गेली की कंट्रोल-सी दाबा, प्रवाह थांबतो आणि तुम्ही त्याच फाइलमध्ये मोकळेपणाने मागे जाता. बघून झालं की पुन्हा ‘कॅपिटल एफ’. टेलमध्ये हे जमत नाही. तिथे मागचं बघायला टर्मिनलच्या स्क्रोलवर विसंबावं लागतं.

त्याहून उपयोगी, आणि कमी माहीत असलेली, ‘&’ ही की आहे. ती दाबून शब्द लिहिला की फक्त तो शब्द असलेल्या ओळी उरतात. फाइलला धक्का लागत नाही. ‘&’ दाबून नुसतं एन्टर केलं की सगळ्या ओळी परत येतात. सर्व्हर अडकला असताना ग्रेपच्या दहा कमांड लिहिण्यापेक्षा हे खूप बरं, कारण संशयास्पद ओळ सापडल्यावर तिच्या मागेपुढे काय घडलं ते लगेच दिसतं.

‘/’ने शोधताना एक भान ठेवावं : लिहिलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचला जातो. आयपी पत्त्यातला टिंब तिथे ‘कोणतंही एक अक्षर’ असा अर्थ घेतो आणि नको त्या ओळीही सापडतात. शोध लिहिण्याआधी कंट्रोल-आर दाबलं की शब्द जसाच्या तसा शोधला जातो.

गैरसमज : टर्मिनलमध्ये मराठी दिसतच नाही.

मराठी फाइल उघडली आणि अक्षरांऐवजी कोनी कंसांतल्या रोमन अक्षर-अंकांच्या जोड्यांची रांग दिसली, की लोक फाइल खराब झाल्याचं समजतात. फाइल ठीकच असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मात्राही तीन बाइटची, हलन्तही तीन बाइटचं. शेलमध्ये लोकेल नुसतं ‘सी’ असेल, तर लेसला हे बाइट एकत्र वाचायचे हे कळत नाही आणि ते त्यांना सुटे सुटे दाखवतं. लोकेल यूटीएफ-८चं केलं, किंवा लेसकॅरसेट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये यूटीएफ-८ लिहिलं, की मराठी दिसू लागते. दूरच्या सर्व्हरवर किंवा डॉकर कंटेनरमध्ये हा प्रश्न बऱ्याचदा येतो, कारण तिथे लोकेल अनेकदा ठरवलेलंच नसतं.

त्यानंतरही जोडाक्षरं तुटलेली किंवा वेलांट्या सरकलेल्या दिसल्या, तर दोष लेसचा नाही. अक्षरं जोडून रेखाटणं हे टर्मिनल आणि फॉन्टचं काम आहे. त्यासाठी टर्मिनलच बदलून पाहावं.

गैरसमज : लेस फक्त दाखवतं, त्यामुळे त्यात धोका नाही.

यातला पहिला भाग जवळजवळ खरा आहे. लेस स्वतः फाइल बदलत नाही. पण त्यात ‘व्ही’ दाबलं की तीच फाइल एडिटरमध्ये उघडते आणि ‘!’ दाबून कोणतीही शेल कमांड चालवता येते. आपल्याच खात्यात हे सोयीचं आहे. पण लॉग वाचता यावा म्हणून एखाद्या सहकाऱ्याला सुडोमधून रूटच्या अधिकाराने लेस चालवायची परवानगी दिली, तर तुम्ही त्याला संपूर्ण मशीन दिलेलं असतं. ‘!’ दाबलं की पुढे रूटचं शेल. सिस्टिमडीच्या २४७ पूर्वीच्या आवृत्त्यांत नेमकी हीच फट होती : सुडोने सिस्टिमसीटीएलची स्थिती बघायला गेलं की उत्तर लेसमध्ये उघडायचं आणि तिथून रूटचं शेल मिळू शकायचं.

दुसरा धोका लेसओपन या व्हेरिएबलचा. उबुंटूमध्ये नेहमीच्या खात्यात ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं, म्हणजे दाबलेली झिप किंवा टार फाइलही लेसमध्ये वाचता यावी. त्यासाठी पडद्यामागे दुसरे प्रोग्राम त्या फाइलवर चालतात. २०२४ मध्ये उघड झालेल्या त्रुटीत फाइलच्या नावात नवी ओळ घुसवून, लेसओपन ठरवलेलं असताना, भलतीच कमांड चालवता येत होती. लेसच्या ६५३ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्या कचाट्यात होत्या. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल बघताना ‘कॅपिटल एल’ हा पर्याय द्यावा. मग लेसओपनकडे दुर्लक्ष होतं.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर आजच सुडोअर्सची फाइल उघडून बघा. तिथे कुणाच्या नावापुढे लेस असेल तर ती ओळ काढा. डेबियन आणि उबुंटूवर त्या व्यक्तीला ‘एडीएम’ गटात घाला, बहुतेक लॉग तिला रूटविना वाचता येतील. सुडो टाळणं शक्यच नसेल तर नोएक्झेक हा शेरा जोडा, म्हणजे लेसमधून दुसरा प्रोग्राम सुरू होणार नाही.