काढा घ्या, पण सोनोग्राफी चुकवू नका

सुरतेत उन्हाळा लागला की आपल्या घरांमध्ये मुतखड्याचा विषय निघतोच. लिंबायत, उधना, पांडेसरा, कुठेही कोणाच्या कमरेत कळ आली, की फॅमिली ग्रुपवर तासाभरात पाच उपाय हजर. पानफुटीचं पान चावून खा, गोखरूचा काढा घे, हुलग्याचं पाणी पी. तापी लाईनच्या गाडीने गावाकडून हुलग्यांची पिशवीही येते. आमच्या वयाची मुलं आणखी एक उपाय सांगतात, बिअर. गुजरातेत दारूबंदी, म्हणून मग दमणचा बेत ठरतो. खडा बिचारा निमित्ताला!

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांच्या उजव्या मूत्रवाहिनीत 7 मिलिमीटरचा खडा निघाला. त्यांनी काढा सुरू केला आणि दहा दिवसांत कळा थांबल्या. खडा पडला असं सगळ्यांनी धरलं, मीसुद्धा. चार महिन्यांनी वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर खडा जागच्या जागी आणि किडनी सुजलेली. दुर्बिणीने खडा काढला, पण ती किडनी पूर्वीसारखं काम करत नाही.

मग कळ का थांबली? खडा अडकला की लघवी मागे तुंबते, किडनी ताणली जाते आणि कळ येते. अडथळा तसाच राहिला तर काही दिवसांनी त्या बाजूची किडनी लघवीच कमी बनवू लागते. ताण उतरतो, दुखणं थांबतं. आपण काढ्याला नमस्कार करतो आणि आत किडनी हळूहळू निकामी होत जाते.

काढ्याला श्रेय मिळायचं आणखी एक कारण आहे. मूत्रवाहिनीतले 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे साधारण तीनांपैकी दोन वेळा आपोआपच पडतात. 5 ते 10 मिलिमीटरचे जवळपास निम्मे. त्या दिवसांत जे काही पोटात गेलं असेल, ते औषध ठरतं.

याचा अर्थ आजीचा बटवा फेकून द्या असा नाही. वायवर्णा (वरुण), गोखरू, पाषाणभेद, कुळीथ ही नावं थेट सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’च्या उपचारात येतात. पण सुश्रुतांनीच म्हटलंय की नवा खडा औषधाने बरा होतो, वाढलेल्याला शस्त्र लागतं. हा भाग ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. खडे मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध आयुर्वेदिक गोळीची मेयो क्लिनिकने दहा रुग्णांवर वर्षभर चाचणी घेतली. 2011 मध्ये निष्कर्ष आले, खडे कमी झाले नव्हते. अभ्यास लहान आहे, पण ‘शंभर टक्के विरघळतो’ म्हणणाऱ्यांकडे तेवढाही नसतो. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. ते विरघळवणारं औषध ॲलोपॅथीतही नाही. युरिक ॲसिडचा खडा तेवढा सायट्रेटच्या औषधाने विरघळू शकतो.

आणखी एक घोळ नावाचा. ‘पाषाणभेद’ म्हणून कोणी हिमालयातलं मूळ देतं, कोणी पानफुटी, कोणी कपूरमाधुरी. एकाच नावाच्या तीन फाइल असल्या की आम्ही प्रोग्रॅमर डोकं धरून बसतो, इथे तर ते पोटात जातं. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारे घटक असतात, त्यामुळे हृदयाची औषधं चालू असणाऱ्यांनी ती परस्पर खाऊ नये. किडनी आधीच अशक्त असेल तर शहाळ्याचं पाणीही विचारूनच, कारण त्यात पोटॅशियम भरपूर.

घ्यायचा तर वैद्यांना विचारून काढा घ्या, पण सुरुवातीला खडा केवढा आणि कुठे आहे ते बघा आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, दुखत नसलं तरी. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबत नसल्या, तर चार आठवडे काय, चार तासही थांबू नका. एकच किडनी असलेल्यांनी आणि गरोदर बाईने तर घरगुती प्रयोग करूच नये.

पाणी मात्र खरंच औषध आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात, पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला तो 12 टक्के, न पिणाऱ्यांना 27 टक्के. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. सुरतेच्या मे महिन्यात, लूमच्या खात्यात उभं राहून काम करणाऱ्याला त्यासाठी तीन लिटरही पुरणार नाही.

मामांचा खडा तपासायला दिला, तो कॅल्शियमचा निघाला. मामींनी लगेच दूध बंद केलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं, कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. कमी करायचं होतं ते मीठ. म्हणजे लोणचं, पापड आणि रविवारच्या लोच्यासोबतची शेव. दूध मामांना आवडत नाही, शेव आवडते. भांडण अजून चालू आहे.