पदवी हातात, मैत्रिणी कुठे?

आमच्या सोलापुरात बी.ए., बी.कॉम.चे निकाल लागले की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी त्याच घरची मुलगी बाजारात भेटते, सलाम करते. "काय चाललंय बेटा?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "कुछ नै मॅडम, घरपेच हूं."

तिला नोकरी लागली का, रिश्ता आला का, हे सगळे विचारतात. मैत्रिणी किती उरल्या, हे कुणी विचारत नाही. कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ईद मुबारकपुरता जागा होतो. तिघींचे निकाह होऊन त्या बाहेरगावी गेलेल्या असतात. ही मात्र दुपारभर मोबाइल घेऊन बसते आणि घरच्यांना वाटतं, पोरगी चिडचिडी झाली.

मुलांचं थोडं वेगळं. ती हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जातात, कॉट बेसिसवर राहतात. माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, खोलीत चौघं आहोत, पण ताप आला तेव्हा फोन अम्मीलाच केला." निदान त्याच्याभोवती माणसं तरी आहेत. मला काळजी वाटते ती घरात राहिलेल्या मुलीची.

कॉलेजात मैत्री आपोआप होते असं आपण समजतो. खरं तर ती वेळापत्रकामुळे होते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार साधी ओळख जुजबी मैत्रीपर्यंत यायला सुमारे 50 तास एकत्र जावे लागतात, जिवलग मैत्रीला 200 हून अधिक. कॉलेजात रोज चार तास सोबत बसणाऱ्या मुलींचे 200 तास दोन-अडीच महिन्यांत भरतात. आठवड्याला एकच तास भेटलं तर जवळजवळ चार वर्षं लागतील. म्हणून लग्नकार्यात भेटलेली समवयस्क मुलगी कितीही आवडली तरी मैत्रीण होत नाही. तिथे मुलीचा दोष नसतो, तास कमी पडतात.

आता याच मुलींच्या आई-आजींकडे बघा. सोलापुरात हजारो बायकांनी बिड्या वळून संसार चालवले. बिड्या घरी वळायच्या आणि नेऊन द्यायच्या कारखान्यावर. तिथे रांग, माल तपासणाऱ्याची कटकट, छाट निघाली की भांडण. कष्टाचं आणि छातीला त्रास देणारं काम. त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्या रांगेत पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली बाई आणि आमच्या मोहल्ल्यातली खाला वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या घरी बाळंतपण असलं की दुसरीला आधी कळायचं. शाळेची पायरी न चढलेल्या आईला मैत्रिणी होत्या आणि बी.कॉम. झालेल्या लेकीला नाहीत, हे मला फार खटकतं.

मोठ्यांची उदाहरणंही गावातच आहेत. 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सोबती तेव्हा काही कॉलेजकुमार नव्हते. कामानं माणसं जोडली.

तेव्हा घरच्यांना माझं सांगणं एवढंच आहे की मुलीला एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ द्या. शिलाईचा क्लास असो, अभ्यासिका असो, बी.एड. असो. "रिश्ता ठरेपर्यंत कशाला?" असं म्हणू नका, कधी कधी ते ठरायला तीन वर्षं जातात. आणि मुलींनो, पहिल्या महिन्यात कुणी जिवलग भेटलं नाही म्हणून क्लास सोडू नका.

माझ्या तीन माजी विद्यार्थिनींनी एकीच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली. तिघी शाळेत वेगवेगळ्या वर्षांच्या, एकमेकींना नावानेही ओळखत नव्हत्या. रोज पाच ते सात, तिसरी-चौथीची बारा पोरं. पैसे किरकोळ मिळतात. सुरुवातीला एकीला भाऊ सोडायला यायचा, पुढे ती एकटी येऊ लागली. नुकतंच तिचं लग्न ठरलं, सासर विजापूर रोडला. बोलणी चालू असताना तिच्या अब्बूंनी तारीख, जेवणं, पाहुणे सगळं बोलून झाल्यावर मुलाकडच्यांना विचारलं, "और पाँच से सात का क्या?"