फुगलेली बॅटरी आणि पेन्सिलचं शिसं

परवा द्वारका चौकातल्या एका दुकानात फोन दाखवला. बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं होतं. "आत काय असतं हो, दादा?" विचारलं, तर म्हणाले, "लिथियम." बरोबर, पण अर्धंच. फोन चार्ज झाला की ते लिथियम कार्बनच्या घरात राहतं.

कार्बनच्या अणूत 6 इलेक्ट्रॉन: 2 आतल्या कक्षेत, 4 बाहेरच्या. हे चार म्हणजे त्याचे चार हात. हिऱ्यात चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले, म्हणून तो इतका कठीण आणि वीजही वाहू देत नाही. ग्रॅफाइटमध्ये (पेन्सिलच्या शिशात मातीबरोबर असतं तेच) तीनच हात गुंततात. चौथा इलेक्ट्रॉन मोकळा, म्हणून वीज वाहते. त्याचे थर एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे असतात. चार्जिंगला लावलं की लिथियम या थरांमध्ये शिरतं, पूर्ण भरल्यावर 6 कार्बनमागे 1. त्याने ग्रॅफाइट साधारण 10 टक्के फुगतं, पण फोन वापरला की परत आकसतं.

कव्हर उचलणारी फुगी वेगळी. आतलं द्रव बिघडून गॅस होतो, आणि ती फुगी परत बसत नाही. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. मी तिथेच बदलून घेतली.