पंधरा ऑगस्ट, सत्तावीस रमजान

शुक्रवार, 15 ऑगस्ट 1947. हिजरी कालगणनेत हा दिवस 27 रमजान 1366. देश स्वतंत्र झाला तो दिवस रोजाचा होता, हे आज फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

इस्लामी दिवस मध्यरात्री बदलत नाही. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली की नवी तारीख लागते. म्हणजे 14 ऑगस्टच्या संध्याकाळीच रमजानची सत्ताविसावी रात्र सुरू झाली होती. ही रात्र ‘शब-ए-कद्र’ म्हणून जागवण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. कुरआनात तिची तारीख दिलेली नाही. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत ती शोधावी, असे हदीस सांगते. पण लोकमानसात सत्ताविसावीच पक्की. त्यात दुसऱ्या दिवशी रमजानचा अखेरचा शुक्रवार, म्हणजे अलविदा जुमा.

दिल्लीत त्याच तारखेचा वेगळा हिशेब चालला होता. ज्योतिषांनी पंधरा तारीख अशुभ ठरवली, म्हणून घटना समितीची बैठक चौदाच्या रात्री घेऊन मध्यरात्र गाठण्याची तोड निघाली. माउंटबॅटन यांनी ही तारीख निवडली ती जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे होत होती म्हणून. एका तारखेत कुणी काय पाहावे!

ज्याच्या नावाने हा दिवस ओळखला जावा तो माणूस मात्र दिल्लीत नव्हता. गांधीजी कलकत्त्यात, बेलियाघाटा भागातल्या ‘हैदरी मंझिल’ या एका मुसलमानाच्या मोडकळीला आलेल्या घरात उतरले होते. सोबत हुसेन शहीद सुहरावर्दी. ही जोडी कलकत्त्याला पटणे कठीण होते. बरोबर वर्षापूर्वी, 16 ऑगस्ट 1946 रोजी, मुस्लिम लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ला याच शहरात कत्तल सुरू झाली, तेव्हा सुहरावर्दी बंगालचे मुख्यमंत्री होते. चार दिवसांत हजारो माणसे मारली गेली. तोही शुक्रवारच होता आणि तोही रमजानच. उपवासाचा महिना आहे एवढ्याने माणसाचा हात थांबतो असे नाही, हे त्या शहराने पाहिले होते.

13 ऑगस्टला गांधीजी या घरात आले तेव्हा हिंदू तरुणांनी दगड मारले. आमचे लोक मरत होते तेव्हा कुठे होतात, हा त्यांचा सवाल. चौदाच्या संध्याकाळी जमाव पुन्हा आला आणि सुहरावर्दींना बाहेर बोलावू लागला. गांधीजींनी त्यांना खिडकीत आणून शेजारी उभे केले. गेल्या वर्षीच्या कत्तलीला तुम्ही जबाबदार नाही का, असा थेट प्रश्न आला. सुहरावर्दींनी आधी जबाबदारी सगळ्यांवर वाटून टाकायचा प्रयत्न केला. मग पुन्हा विचारल्यावर कबूल केले की होय, ती जबाबदारी माझी होती. सत्तेत राहिलेल्या माणसाने भर जमावासमोर असे म्हणणे आपल्या राजकारणात तेव्हाही दुर्मीळ होते आणि आजही आहे. जमावाचा सूर तिथून पालटला. त्या रात्री हिंदू-मुसलमान एकत्र रस्त्यावर उतरले, एकमेकांवर गुलाबपाणी शिंपडू लागले.

पंधराच्या पहाटे गांधीजी नेहमीपेक्षा लवकर, दोनला उठले. दिवसभर त्यांनी उपवास केला, गीतेचे पारायण केले, सूत कातले. या उपवासाला एक खासगी कारणही होते आणि ते पुण्यात आहे. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत अटक झाल्यावर गांधीजींना आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. सहाच दिवसांत, 15 ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथे हृदयविकाराने गेले. वय अवघे पन्नास. गांधीजींनी मृतदेहाला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली. पाच वर्षांनी तीच तारीख स्वातंत्र्य घेऊन आली. त्या दिवशी शहरातले रोजेदार आणि हैदरी मंझिलमधले गांधीजी, दोघांच्याही पोटात अन्न नव्हते.

देशाच्या सीमा अजून कुणाला ठाऊक नव्हत्या. मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा चढला, खुलन्यात भारताचा. रॅडक्लिफ यांचा निवाडा 17 तारखेला जाहीर झाला तेव्हा दोन्ही उतरवावे लागले. त्याच संध्याकाळी ईदचा चांद दिसला. 18 ला कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंगच्या मैदानावर गांधीजींच्या प्रार्थनासभेला हिंदू-मुसलमानांची अफाट गर्दी लोटली आणि एकमेकांना ईद मुबारक दिली गेली.

हे टिकले दोन आठवडे. 31 ऑगस्टच्या रात्री जमाव हैदरी मंझिलमध्ये घुसला. एक लाठी गांधीजींना थोडक्यात चुकली. दुसऱ्या दिवशी शहरात माणसे पडू लागली आणि रात्री त्यांनी उपोषण सुरू केले. या वेळी मगरिबला सुटणारा रोजा नव्हता, शहर शांत होईपर्यंतचा होता. उत्तर कलकत्त्यातल्या पोलिसांनी कामावर असतानाच एक दिवसाचा उपवास धरला. दंगलखोरांनी शस्त्रे आणून दिली. सर्व समाजांच्या पुढाऱ्यांनी, पुन्हा दंगल होऊ देणार नाही, असे लिहून दिले. 73 तासांनी, 4 सप्टेंबरच्या रात्री, गांधीजींनी उपोषण सोडले. रसाचा पेला पुढे केला तो सुहरावर्दींनी.