जोडा, पण जरा सैल

मोटर इकडे, पंप तिकडे, आणि दोघांच्या मध्ये पिवळ्या जाळीखाली काहीतरी गरगरतंय. कारखाना बघायला आलेले पाहुणे मोटर बघतात, पंप बघतात. जाळीखाली वाकून कुणी बघत नाही. तिथे कपलिंग असतं, आणि फिरणं मधूनच तोडायचं-जोडायचं असेल तर क्लच. दोघंही स्वतः काडीची ताकद निर्माण करत नाहीत, फक्त एकाची दुसऱ्याला पोचवतात. पण त्यांचे किस्से ऐकण्यासारखे आहेत.

काळी पूड दिसली का?
आपल्याकडे पंपांवर सर्रास दिसतं ते पिन-बुश कपलिंग. एका चकतीच्या पोलादी पिना दुसऱ्या चकतीच्या भोकांत, आणि पिनांवर रबरी बुश. कपलिंगखाली बारीक काळी पूड साचली असेल तर बुश झिजतायत, आणि बहुतेक वेळा कारण एकच, दोन्ही शाफ्ट एका रेषेत नाहीत. मेंटेनन्सवाले नवे बुश घालतात, काही दिवसांनी पुन्हा पूड. दोष अलाइनमेंटचा आणि शिव्या बुशला. कारखान्यात सगळ्यात जास्त बोलणी खाणारा निरपराध भाग हाच, असं माझं ठाम मत आहे.

गार असताना चूक, तापल्यावर बरोबर
पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पायांवर उभ्या असलेल्या पंपाचा शाफ्ट तळापासून अर्धा मीटर उंच आहे आणि पंप ५० अंशांनी तापला, तर शाफ्ट ०.३ मिलिमीटर वर सरकतो. हसू नका, डायल गेज लावून बसलेला फिटर याच्या दहाव्या हिश्शासाठी अर्धी पाळी घालवतो. म्हणून जाणता फिटर थंड पंप मुद्दाम तेवढा खाली बसवतो. नवा इंजिनिअर गेज लावतो, ‘अहो, हे तर वाकडं आहे!’ म्हणून ओरडतो, आणि फिटर शांतपणे ‘साहेब, दुपारी बघा’ म्हणतो.

त्याच फिटरची आणखी एक करामत बघायची असेल तर मोटरच्या पायाशी बसा. चारही बोल्ट आवळलेले, गेजचा काटा शून्यावर. तो एकेक बोल्ट सैल करून पुन्हा आवळतो. तिसरा सैल केला की काटा टुणकन उडतो. म्हणजे तो पाय अधांतरी होता, बोल्टने नुसता ओढून धरला होता. त्याखाली पितळी पत्र्याची पातळ शिम सरकली की काटा गप्प.

चंद्रपूरचं १६० टनी वजन
चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. असा संच मिनिटाला ३००० फेरे फिरतो. हिशेब केला तर टर्बाइन आणि जनरेटर यांच्यामधल्या कपलिंगवर सुमारे १६ लाख न्यूटन-मीटर पीळ येतो. म्हणजे एक मीटर लांबीचा पाना लावायचा आणि त्याच्या टोकाला १६० टन टांगायचे. इथे रबर-बिबर काही नाही, दोन पोलादी फ्लँज थेट बोल्टने आवळलेल्या.

मग ती रांग तरी सरळ असेल? नाही! इतका जड रोटर दोन बेअरिंगच्या मध्ये स्वतःच्या वजनाने किंचित झोल खातो, त्यामुळे त्याची टोकं तिरकी होतात. फ्लँज एकमेकींना सपाट टेकाव्यात म्हणून बेअरिंग वेगवेगळ्या उंचीवर बसवतात, कडेची वर आणि मधली खाली. सगळे रोटर मिळून दोन खांबांमधल्या दोरीसारखा एकच सलग झोल तयार होतो. तो झोल हेच तिथलं ‘सरळ’.

पीळ मोजा, वेग नको
१० हॉर्सपॉवरची मोटर १४४० फेऱ्यांवर जेमतेम ५० न्यूटन-मीटर पीळ देते. गिअरबॉक्सने वेग चाळीसपट कमी केला की घर्षणाचं नुकसान सोडून तोच पीळ २००० च्या घरात जातो. म्हणून मोटरकडचं कपलिंग तळहातावर मावतं आणि पलीकडचं दोन्ही हातांनी उचलावं लागतं. वेगात फिरतंय ते मोठं लागेल, हा समज नेमका उलटा.

हूकसाहेबांचा हेलकावा
ट्रकखाली लांब शाफ्टच्या टोकाला जो ‘क्रॉस’ असतो, त्याचं वर्णन रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये छापलं. हो, स्प्रिंगच्या नियमाचा तोच हूक. या सांध्यात एक खोड आहे. शाफ्ट तिरके असले की एक बाजू एकसारखी फिरते, दुसरी हेलकावे खाते. सपाट सूर्यघड्याळावर सावली दर तासाला सारखी सरकत नाही, आणि हे हेलकावे नेमके त्याच गणितात बसतात. हूकच्या ते लक्षात आलं होतं.

ट्रॅक्टरवाल्यांना ही खोड फुकटात अनुभवता येते. ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला पोचवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतोय आणि एक क्रॉस ३० अंशांत वाकलाय, तर पलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ४६८ पर्यंत उतरतो आणि दोनदा ६२४ पर्यंत चढतो. उपाय म्हणून दोन क्रॉस लावतात, पहिल्याने बिघडवलेलं दुसरा निस्तरतो. अटी दोन, दोन्ही क्रॉस सारख्याच कोनात वाकलेले हवेत आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉसला धरणारे काटे एका रेषेत हवेत. ग्रीस भरायला मधल्या शाफ्टचा चौकोनी पाइप उपसला आणि परत घालताना चुकून पाव फेरा फिरवून घातला, तर निस्तरणं राहिलं बाजूला, हेलकावा दुप्पट. थरथर सुरू झाली की बेअरिंग बदलण्याआधी काटे बघा.

वल्हं ते एसी
समांतर पण एका रेषेत नसलेले शाफ्ट जोडायची युक्ती आयर्लंडच्या जॉन ओल्डॅमने १८२१ मध्ये काढली, ती वाफेच्या बोटींच्या वल्ह्यांसाठी. मधली चकती दोन्ही बाजूंच्या खाचांत सरकते, आणि शाफ्टचा एक फेरा होईतो तिचा मध्य दोन गिरक्या घेतो. ओल्डॅम पुढे बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांची यंत्रं सांभाळत होता. वल्ह्यांच्या बोटी गेल्या, पण त्याची युक्ती आज स्क्रोल कॉम्प्रेसरच्या एसीत घरोघरी फिरते.

उसाच्या गिरणीत दोर
साखर कारखान्यात वरचा रूळ एका जागी राहतच नाही. उसाचा थर जाड आला की हायड्रॉलिक दाबाला रेटून तो वर उचलला जातो, पातळ आला की खाली. गिअर मात्र जमिनीला खिळलेला. पूर्वी या दोघांत चौकोनी टोकांची जडशीळ टेल बार असायची. आता बऱ्याच कारखान्यांत रोप कपलिंग दिसतं. दोन्ही बाजूंना पोलादी भुजा आणि त्यांच्यामध्ये जाड सिंथेटिक दोरांचे वेढे. दोरावर कारखाना चालतो म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण चालतो.

तेलाचा क्लच
जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगरला जहाजाचं टर्बाइन आणि पंखा जोडायचे होते. एकाला वेग हवा, दुसऱ्याला संथपणा. १९०५ मध्ये त्याने दोघांच्या मध्ये तेल-पाणी खेळवायची कल्पना पेटंट केली. त्याच घराण्यातलं फ्लुइड कपलिंग आज कोळशाच्या कन्व्हेयरवर असतं. एक पंखा तेल भिरकावतो, समोरचा त्या माऱ्याने फिरतो, धातूला धातू लागत नाही. दुसरा कायम दोन-चार टक्के मागे राहतो, आणि राहायलाच हवा. वेग अगदी सारखे झाले तर ताकद जाणंच बंद. पट्टा अडकला तर तेल तापतं, कपलिंगवरचा फ्युजिबल प्लग वितळतो आणि तेल बाहेर उडतं. मोटर वाचते. फरशी पुसणारा मात्र दिवसभर बडबडतो.

न थांबणारा क्लच
ही गोष्ट गमतीची नाही. जुन्या पॉवर प्रेसमध्ये फ्लायव्हील आणि क्रँक एका चावीवजा तुकड्याने अडकतात. पेडल दाबलं की पूर्ण फेरा होणारच, मध्ये थांबवायची सोयच नाही. हात डायखाली राहिला तर राहिला. हवेच्या दाबावरचा घर्षण क्लच मधेच सोडता येतो, आणि हवा गेली तर स्प्रिंगा आपोआप ब्रेक लावतात. जुन्या प्रेस ‘अजून चालतात’ म्हणून ठेवणाऱ्यांचा हिशेब मला कधी पटलेला नाही.

१९७२ ची जोडी
पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ ची. तिला क्लचची दांडीच नव्हती. इंजिनाचा वेग वाढला की वजनदार तुकडे बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात, थ्रॉटल सोडला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. त्याच वर्षीच्या बजाज चेतकमध्ये दांडी होती, आणि क्लचप्लेटवर चक्क कॉर्क, बाटलीच्या बुचाचा.

सायकल उतारावर सोडल्यावर मागून येणारी टिकटिक हाही क्लचच, एकाच दिशेने धरणारा. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर याच तत्त्वाने पंखा इंजिनापासून सुटतो आणि खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहतो. म्हणून वैमानिकाला उतरता येतं.

स्वस्त बोल्ट
रोटाव्हेटरच्या शाफ्टवर शिअर बोल्ट असतो, तो तुटण्यासाठीच. दगड लागला, बोल्ट गेला, बाकी सगळं शाबूत. पण सारखा तुटतो म्हणून वैतागून लोक जास्त टणक बोल्ट ठोकतात. पुढच्या दगडाला तो टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात. जाणते ट्रॅक्टरवाले टूलबॉक्समध्ये नेमलेल्या ग्रेडचेच चार-पाच बोल्ट ठेवतात, आणि दुकानदार ‘हा घ्या, याला काही होत नाही’ म्हणाला की तो बोल्ट परत देतात.